पहिल्या वर्षाचं हॉस्टेल आणि रॅगिंग: फलक लावून झाल्यावर करायची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला खंडवा रोडवरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे यंदा प्रथम वर्षाच्या मुलांचं हॉस्टेल सोपवलं आहे. २४० मुलं येणार. त्यांतली बरीच जळगाव, धुळे, बुलढाणा, बऱ्हाणपूर, खंडवा भागातल्या मराठी घरांतली. फलक लागले, प्रतिज्ञापत्रं भरून घेतली, रॅगिंगविरोधी पथकाची यादी झाली. आता पुढे नेमकं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

फलक आणि प्रतिज्ञापत्रं लागतातच. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीनंतर दगावला आणि त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली आली. तिने या गोष्टी बंधनकारक केल्या. पण रॅगिंग कशावर चालतं हे लक्षात घेतलं नाही तर हे कागद फाइलमध्येच राहतात. नवा मुलगा सीनियरच्या खोलीत पहिल्यांदा जातो तो बहुतेक वेळा कामासाठी. त्याला टाइमटेबल हवं असतं, जुने पेपर हवे असतात, ग्राफिक्सची शीट कशी लावायची ते कळत नसतं, मिनी ड्राफ्टर (आकृत्या काढायचं साधन) विकत घ्यायचा की कुणाचा जुना मिळेल हे विचारायचं असतं. हे सगळं सीनियरकडे असतं आणि कॉलेज ते देत नाही. या गरजेतूनच सत्ता तयार होते. 'इंट्रो' म्हणजे सीनियरांसमोर त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने स्वतःची ओळख सांगणं, नव्वद अंशात वाकून सलाम, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, रात्रभर दुसऱ्याच्या फाइली लिहिणं, हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून तुमच्या कामाचा पहिला निम्मा भाग पोलिसी नाही. मुलाची प्रत्येक गरज कॉलेजने आधीच भागवायची आहे.

याची तयारी मुलं यायच्या आधी पंधरा दिवस सुरू करा. गेल्या तीन वर्षांचे पहिल्या सेमिस्टरचे पेपर विषयवार काढून ग्रंथालयात दोन संच ठेवा आणि त्यांच्या पीडीएफ प्रवेशाच्या दिवशीच पाठवा. प्रत्येक प्रयोगशाळेची फाइल कशी लिहायची याचा एक पूर्ण भरलेला नमुना विभागाच्या दाराशी लावा. जुनी पुस्तकं, ड्राफ्टर, एप्रन यांची विक्री ग्रंथालयात भरदिवसा ग्रंथपालांसमोर होऊ द्या, किंमत चिठ्ठीवर लिहून. मेस, धोबी, बँक, दवाखाना, सिटी बस, रेल्वे स्टेशनला जायचा रस्ता, हे दोन पानांत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. नियमावली नव्या मुलाला संपर्क क्रमांकांचं पत्रक द्यायला सांगतेच, त्याच पत्रकाला ही दोन पानं जोडा. मागे रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ (चोवीस तास, मोफत), आणीबाणीसाठी ११२, मन फार खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, आणि तुमचा स्वतःचा मोबाइल मोठ्या अक्षरांत. तो मोबाइल रात्री बंद ठेवायचा नाही. पहिल्या आठवड्यात उचलला नाही, तर दुसऱ्या आठवड्यात कुणी लावणार नाही.

व्हॉट्सअॅपची घाई कॉलेजने करायला हवी. प्रवेशयादी लागली की दोन दिवसांत सीनियर 'फ्रेशर्स'चा ग्रुप काढतात, मुलं आनंदाने जातात आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच 'परिचय' पाठ करायला सांगितला जातो. अशा ग्रुपवरून होणारा छळही रॅगिंगच आहे, असं आयोगाने जुलै २०२५ मध्ये महाविद्यालयांना स्पष्ट कळवलं आहे. तुम्ही साधा ग्रुप काढू नका, कारण त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि मुलींचे नंबर पहिल्याच रात्री फिरतात. 'कम्युनिटी' काढा. तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. पहिला संदेश असा लिहा: कॉलेजचा अधिकृत ग्रुप हा एकच आहे, दुसऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये जाणं बंधनकारक नाही, कुणी जोडलं तर बाहेर पडा आणि त्या ग्रुपचं नाव मला कळवा.

खोल्यांचं वाटप ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. नव्या मुलांना शक्यतो वेगळी इमारत किंवा वेगळी विंग द्यावी आणि तिथे सीनियरांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवावं, असं नियमावली सांगते. वेगळी इमारत नसेल तर मजला निवडताना जिना पाहा. नव्या मुलांना पाण्याला, आंघोळीला, मेसला जाताना सीनियरांच्या कॉरिडॉरमधून जावं लागत असेल, तर तो मजला कितीही चांगला असला तरी नको. एकच जिना असेल तर नवी मुलं तळमजल्यावर ठेवा आणि वर जाणाऱ्या जिन्याशी रात्री नऊ ते सकाळी सहा रखवालदार बसवा. चॅनल गेटला कुलूप घालायचा मोह होतो, ते मात्र कधीही करू नका. आग लागली तर तेच कुलूप जीव घेईल. पाण्याचा कूलर बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, नाहीतर वरच्या मजल्यावर बाटल्या भरायला जावं लागतं आणि तिथेच पकडलं जातं. अशा बारीक गोष्टींकडे लक्ष गेलं तर निम्मे प्रसंग घडतच नाहीत.

एका खोलीत एकटा मुलगा ठेवू नका. दोघांच्या खोलीतला एक राखी, गणपती किंवा दिवाळीला घरी गेला की दुसरा एकटा उरतो आणि बोलावणं त्यालाच येतं. सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी कोण राहणार याची यादी घ्या आणि उरलेल्यांना सुट्टीपुरतं एका भागात आणा. अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरसाठी खास लक्षात ठेवा. झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, पाहायला सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, हॉस्टेलची मुलंही जातात आणि ही रात्र नेमकी पहिल्या तीन महिन्यांत पडते. त्या रात्री पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन शिक्षकांसोबत, कॉलेजच्या बसने, ठरलेल्या वेळी नेऊन आणा. मनाई केली तर ती सीनियरांच्या गाडीवर बसून जातील.

सराफ्याचं, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचंही तसंच. रात्री खायला नेणं प्रेमानं सुरू होतं, मग पंधरा जणांचं बिल एका नव्या मुलाच्या मोबाइलवरून यूपीआयने जातं. हॉस्टेलच्या गणपतीची वर्गणी हा दुसरा मार्ग. पहिल्या सेमिस्टरमध्ये नव्या मुलांकडून कुणीही कसलीही वर्गणी घ्यायची नाही, ज्याला द्यायची असेल त्याने हॉस्टेलच्या ऑफिसात पावती घेऊन द्यावी, असा लेखी नियम काढा. जबरदस्तीने पैसे काढणं नियमावलीत रॅगिंग म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे.

आता मराठी घरांबद्दल. "तिकडे आपल्या गावचा अमुक आहे, तो बघेल," असं म्हणून आईवडील मुलाला एखाद्या सीनियरच्या हवाली करून जातात. हेतू चांगला असतो आणि पुष्कळदा तो सीनियर खरंच मदत करतो. पण इंदूरसारख्या ठिकाणी जिथे चारी बाजूंची मुलं येतात, तिथे भागाभागांचे गट बनतात: खानदेशचे, निमाडचे, विदर्भाचे, बुंदेलखंडचे. गट मुलाला दुसऱ्या गटापासून वाचवतो आणि त्या वाचवण्याची किंमत आपल्याच मुलाकडून घेतो. घरची ओळख असल्यामुळे त्याबद्दल मुलगा घरी बोलत नाही, कारण मग दोन घरांत वितुष्ट येईल. पालकांना प्रवेशाच्या दिवशी हे मराठीत, बसवून, स्पष्ट सांगा. ओळखीचा मुलगा असू द्या, पण पैसे, कागदपत्रं, खोली यांचा व्यवहार त्याच्यामार्फत नको. हिंदी अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या उच्चारांची रोज नक्कल करणं, त्याला भाषेवरून नाव पाडणं, याला 'थट्टा' म्हणून सोडायचं नाही. नियमावलीच्या २०१६ च्या दुरुस्तीने भाषा, प्रदेश, जात, धर्म, रंगरूप, लिंग, आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा मानसिक छळ आणि वाळीत टाकणं हेही रॅगिंगच्या व्याख्येत आणलं आहे. जातीवरून असेल तर अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो.

कायद्याबाबत आणखी एक गोष्ट. पुण्या-नागपूरचे नातेवाईक महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याचा हवाला देतात. तो मध्य प्रदेशात लागू नाही. इथे आयोगाची नियमावली आणि भारतीय न्याय संहिता यांवर काम चालतं: इजा करणं ११५, अडवणं १२६, डांबून ठेवणं १२७, खंडणी ३०८, धमकी ३५१. मुलगा अठराच्या आतला असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा. पहिल्या वर्षात सतरा वर्षांची मुलं असतातच, म्हणून जन्मतारखांची यादी तुमच्या टेबलावर हवी. पॉक्सोखाली कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तिथे कॉलेजच्या चौकशीची वाट पाहायची मुभा नाही.

मेंटॉर नेमताना बहुतेक कॉलेजं चुकतात. नियमावलीचं प्रमाण सहा नव्या मुलांमागे एक मेंटॉर आणि सहा मेंटॉरमागे वरच्या पातळीवर एक. तुमच्या २४० मुलांना ४० मेंटॉर आणि त्यांच्यावर ७ जण लागतील. हे ४० जण विभागप्रमुखांच्या शिफारशीने किंवा गुणांच्या यादीवरून निवडू नका. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोरी चिठ्ठी द्या आणि विचारा, "गेल्या वर्षी अडचणीत तुम्ही कुणाकडे गेलात? तीन नावं लिहा." पुन्हा पुन्हा येणारी नावं ती तुमची माणसं. दुसऱ्या वर्षापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षातले घ्या. आदल्या वर्षी सोसलेलं 'आता आमची पाळी' म्हणून सगळ्यात ताजं दुसऱ्या वर्षाच्याच मनात असतं. त्यांना अर्धा दिवस बसवून तीन गोष्टी पक्क्या करा. भेट कँटीनमध्ये, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर किंवा मैदानावर व्हावी, खोलीत कधीच नाही आणि रात्री नऊनंतर नाही. नव्या मुलाला साधं चहाचंसुद्धा काम सांगायचं नाही. आणि मारहाण, पैसे, कपडे काढायला लावणं, दारू पाजणं किंवा जीव द्यायची भाषा कानावर आली तर गुप्ततेचं वचन न देता तासाभरात तुम्हाला फोन. यांखेरीज बाकी गोष्टींसाठी त्यांना खबरे बनवू नका. मेंटॉर वॉर्डनचा माणूस आहे असं एकदा पसरलं की सहा मुलं त्याच्याशी बोलायची थांबतात.

दिवसाचे तास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तीन आठवड्यांच्या इंडक्शनने, म्हणजे नव्या मुलांच्या ओळख-कार्यक्रमाने भरलेले असतात. धोका रात्री नऊ ते दोनचा. या वेळेत वॉर्डनने हॉस्टेलातच असायला हवं, क्वार्टरमध्ये झोपून नाही. फेरीची वेळ ठरलेली असेल तर तिचा उपयोग नसतो, तीन दिवसांत सगळ्यांना ती पाठ होते. रोज संध्याकाळी चिठ्ठी उचलून दोन वेळा ठरवा. एक जेवण रोज मुलांसोबत मेसमध्ये घ्या. पाहायचं काय ते सांगतो. नव्या मुलांचे केस एकाच आठवड्यात एकसारखे कापलेले. मेसमध्ये सगळी खाली मान घालून, एका ओळीत, सीनियर आल्यावर ताट अर्धं सोडून उठणारी. उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं. संध्याकाळी साडेआठला ग्रंथालय अचानक रिकामं होणं. खोलीतल्या टेबलावर दुसऱ्याच्या नावाच्या फाइली. पहिल्या तासाला हजेरी पूर्ण आणि अर्धा वर्ग पेंगलेला. दर शुक्रवारी घरी जायला सुट्टी मागणारा मुलगा, फोन 'बिघडलाय' म्हणणारा मुलगा, ब्रँच बदलायची किंवा कॉलेज सोडायची भाषा करणारा मुलगा. यांतलं एखादं चिन्ह एकटं काही सांगत नाही. दोन-तीन एकत्र दिसली की त्याच रात्री फेरी वाढवा आणि दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावरच्या मुलांशी वेगवेगळं बोला. सगळ्यांशी बोला, म्हणजे कोण बोललं हे बाहेर कळत नाही.

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला सर्वेक्षण करायचं असतं. ते नीट केलं तर याच्याइतकं उपयोगी साधन नाही, आणि ढिलाईने केलं तर खोटी खात्री देणारं. गूगल फॉर्म नको. कॉलेजच्या ईमेलने उघडतो तेव्हा नाव कळेल ही भीती असते, आणि सीनियर समोर बसवून भरून घेतात. छापील चिठ्ठी घ्या, सगळ्या २४० मुलांना एकाच तासाला, एकाआड एक बसवून, दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने वाटलेली. फक्त खुणा करायच्या, हाताने काही लिहायचं नाही, कारण अक्षर ओळखलं जातं. चिठ्ठीत 'रॅगिंग' हा शब्द आणू नका. मुलं 'इंट्रो'ला रॅगिंग मानत नाहीत आणि 'नाही'वर खूण करतात. कृती विचारा: गेल्या पंधरा दिवसांत रात्री नऊनंतर तुम्हाला कुणी खोलीत बोलावलं का? दुसऱ्याचं लिखाण करून दिलं का? कुणासाठी पैसे भरले का? विशिष्ट कपडे किंवा केस ठेवायला सांगितले का? फोन घेतला किंवा तपासला का? हात लावला किंवा मारलं का? आणि एक निरुपद्रवी प्रश्न मुद्दाम घाला: एखाद्या सीनियरने तुमचं नाव-गाव विचारलं का? नवीन ठिकाणी पंधरा दिवसांत हे कुणीच विचारलं नाही असं होत नाही. या प्रश्नालाही सगळ्या चिठ्ठ्यांवर 'नाही' आलं, तर काय लिहायचं ते मुलांना कुणीतरी शिकवून पाठवलं आहे, असं समजा. मजला विचारा, पण मजला, ब्रँच आणि जिल्हा तिन्ही एकत्र विचारू नका, नाहीतर बुलढाण्याचा सिव्हिलचा एकटा मुलगा लगेच ओळखू येतो. निकाल मोजून प्राचार्यांना त्याच दिवशी लेखी द्या आणि तिसऱ्या मजल्यावर आकडा वाढला तर तिसऱ्या मजल्यावर माणूस वाढवा. मुलांना दिसलं पाहिजे की चिठ्ठीने काही हललं.

फ्रेशर पार्टी लवकर घ्या, पहिल्या दोन आठवड्यांतच. पार्टीपर्यंत 'सगळं चालतं' अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे, म्हणून सीनियर ती ऑक्टोबरपर्यंत ढकलतात. कॉलेजच्या पैशाने, दुपारी, शिक्षकांसमोर, आणि रंगमंचावर 'टास्क' नाही. सूत्रसंचालनाचा कागद आदल्या दिवशी एका शिक्षकाने वाचावा. सीनियर-ज्युनियरची ओळख व्हायलाच हवी, तिला जागा दिली नाही तर ती रात्री खोलीत होते. मिश्र संघांचं क्रिकेट, नाटकाचं पथक, प्रयोगशाळेत सीनियरने शिकवलेला एक तास, हे पहिल्या महिन्यातच लावा.

आता तक्रार आली तर. इथे वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक प्रकरणं पहिल्या तासातच बिघडतात. मुलाला बसवा, पाणी द्या, ऐका. "तू गेलासच का?", "आधी का नाही सांगितलंस?" हे दोन प्रश्न तोंडातून येऊ देऊ नका. त्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, मराठी असेल तर मराठीत, स्वतःच्या हाताने लिहू द्या: कुठे, किती वाजता, कोण कोण, कुणी पाहिलं. लिहिण्याच्या अवस्थेत नसेल तर तुम्ही लिहून वाचून दाखवा. अंगावर खूण असेल तर लगेच सरकारी रुग्णालयात न्या. नोंद आजच झाली पाहिजे, दोन दिवसांनी वळ दिसत नाहीत. त्याच रात्री कॅमेऱ्याचं चित्रण वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा, कारण रेकॉर्डरवर जुनं पुसून नवं चढत जातं आणि चौकशी समिती बसेपर्यंत ते गेलेलं असतं. मोबाइलमधले संदेश पुसू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, तो दुसऱ्या फोनने टिपा. यूपीआयचा इतिहास हा न बदलणारा पुरावा आहे. पुढे न्यायालयात लागला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून चित्रण कुणी, कधी, कुठल्या यंत्रातून काढलं याची सहीसकट नोंद ठेवा.

रात्री खोली बदलायची तर आरोप असलेल्या मुलाची. तक्रार करणाऱ्याला 'सुरक्षेसाठी' दुसरीकडे हलवलं की सगळ्या हॉस्टेलला कळतं कोण बोललं, आणि शिक्षा झाल्यासारखं त्यालाच वाटतं. पालकांना मुलाच्या संमतीने कळवा, अठराच्या आतला असेल तर लगेच. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' अशी बैठक कधीही घेऊ नका. ती संपते तेव्हा मुलाने माफ केल्याचा कागद तयार असतो आणि त्याच रात्री त्याचा हिशेब होतो.

गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत प्राचार्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या समिती-सदस्याने पोलिसांत गुन्हा नोंदवायचा. पोलिसांची वाट न पाहता कॉलेजने स्वतःची चौकशी ७ दिवसांत संपवायची. पथक आणि समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. पथक कॅम्पसमधल्याच लोकांचं, अचानक भेटी आणि जागच्या जागी चौकशीसाठी. समिती प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली, तिच्यात पोलीस-प्रशासन, स्थानिक पत्रकार, स्वयंसेवी संस्था, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी असायला हवेत. ती यादी आजच उघडून पाहा. पालक प्रतिनिधी म्हणून कॉलेजच्याच एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव टाकलेलं असेल, तर बदला.

निनावी तक्रारीला 'नाव नाही' म्हणून बाजूला ठेवू नका. २०२२ मध्ये इंदूरच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातून आयोगाच्या हेल्पलाइनवर निनावी तक्रार गेली होती. कुणी बोलायला तयार नव्हतं, म्हणून एक महिला कॉन्स्टेबल विद्यार्थिनी बनून काही महिने कँटीनमध्ये बसली, मुलांशी बोलत राहिली, आणि त्यातून अकरा सीनियरांची ओळख पटून त्यांचं निलंबन झालं. तक्रार निनावी होती म्हणून काहीच अडलं नाही.

शिक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: लहान, लगेच आणि दर वेळी. कॉरिडॉरमध्ये 'इंट्रो' घेतलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी बोलावणं, लेखी नोंद, घरी फोन आणि महिनाभर नव्या मुलांच्या विंगला बंदी, हे तिथेच झालं तर गोष्ट पुढे जात नाही. ते सोडून दिलं आणि महिन्याने एखादा मुलगा रुग्णालयात पोचला, की मग हॉस्टेलमधून काढणं, परीक्षेला बंदी, निकाल रोखणं, एक ते चार सेमिस्टरसाठी निलंबन किंवा प्रवेशच रद्द, एवढंच हातात उरतं. दोषी सापडत नसतील तर नियमावलीत सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. ती शेवटी वापरा आणि आधी चौकशी खरोखर संपवा. उतावळेपणाने सगळ्या मजल्याला दंड केला तर निर्दोष मुलंही तक्रार करणाऱ्याच्या विरोधात एक होतात.

हॉस्टेलबाहेर राहणाऱ्या मुलांकडे शेवटी वळतो, खरं तर त्यांचा नंबर आधी लागायला हवा. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या पीजीत आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्या वर्षाची मुलं सीनियरांसोबत एका स्वयंपाकघरात राहतात. 'ते आमच्या हद्दीत नाही' असं कॉलेजला म्हणता येत नाही, नियमावली कॅम्पसबाहेरचा निवास आणि जाण्यायेण्याची वाहनंही धरते. पहिल्या पंधरा दिवसांत अशा प्रत्येक मुलाचा पत्ता, मालकाचं नाव, सोबत राहणाऱ्यांची नावं घ्या आणि दोन शिक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहा. मालकाला तीन गोष्टी सांगा: पहिल्या वर्षाचा मुलगा आमचा आहे, रात्री आरडाओरडा किंवा जमाव दिसला तर या नंबरवर फोन, आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली असू द्या. ठाण्यातल्या बीट कर्मचाऱ्याची ओळख ऑगस्टमध्येच करून घ्या. १२ ते १८ ऑगस्ट हा रॅगिंगविरोधी सप्ताह असतो, त्याला व्यासपीठावर बोलावण्यापेक्षा संध्याकाळी त्या गल्ल्यांतून एक फेरी मारायला सांगा.

आणि वर्ष संपताना, परीक्षेच्या आधी, पहिल्या वर्षाच्या पालकांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र जायला हवं. नियमावलीनेच ते सांगितलं आहे, पण फार थोडी कॉलेजं पाठवतात. पुढच्या जुलैत याच २४० मुलांना सीनियर म्हटलं जाणार आहे. पत्र हिंदीत आणि मराठीत असू द्या, एका पानाचं, आणि त्यात मुलाने दर वर्षी पुन्हा भरायच्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख हवा. त्याच आठवड्यात मेंटॉरसाठीची ती कोरी चिठ्ठी पुन्हा वाटा. मुलं सुट्टीवर गेली की नावं मिळत नाहीत.